दुचाकीस्वार नजरेतून का सुटतो? : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

गेल्या अंकात शहरांतील चौकांवर होणाऱ्या अपघातांविषयी लेख आला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच प्रश्नावर होता: चारचाकी चालवणाऱ्याला दुचाकीवरचा माणूस वेळेवर का दिसत नाही? त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी बऱ्याच वर्षांपासून कार चालवतो. या उन्हाळ्यात आमच्या कॉलनीच्या गल्लीतून मुख्य रस्त्यावर उजवीकडे वळायचे होते. मी गल्लीच्या तोंडाशी थांबलो, उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले आणि गाडी पुढे घेतली. त्याच क्षणी उजवीकडून आलेली मोटरसायकल माझ्या दरवाज्याजवळ आदळली. तो तरुण बचावला, पण त्याच्या पायाचे हाड मोडले. मी फोनवर बोलत नव्हतो, दारू प्यायलेलो नव्हतो, सकाळची वेळ होती आणि ऊन स्वच्छ होते. तो मला दिसलाच नाही, हे मी शपथेवर सांगतो, पण माझ्या घरातलेही त्यावर विश्वास ठेवत नाहीत. नीट पाहूनही समोरून येणारा माणूस दिसत नाही, असे खरोखर होऊ शकते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : होऊ शकते, आणि जगभर होत आले आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटरसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी करणारा हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी सुमारे दोन तृतीयांश टकरींत त्या दुसऱ्या वाहनाच्या चालकाने मोटरसायकलस्वाराला आधी जाऊ द्यायला हवे होते, पण जाऊ दिले नव्हते. मोटरसायकल आपल्याला दिसलीच नाही, किंवा दिसली तेव्हा फार उशीर झाला होता, असे या चालकांचे सांगणे होते. तेव्हा आपण खरे बोलत आहात असे मी मानून चालतो. मात्र आपले म्हणणे खरे असले, तरी त्या तरुणाच्या मोडलेल्या पायाची जबाबदारी आपल्यावरून उतरत नाही, हेही आरंभीच सांगायला हवे. असे का घडते हे समजले, तर पुढचा अपघात टाळता येतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिले कारण डोळ्याच्या रचनेत आहे. आपल्याला समोरचे सगळे दृश्य सारखेच स्पष्ट दिसते असे वाटते, पण वस्तुस्थिती तशी नाही. हात समोर ताठ धरला, तर अंगठ्याच्या नखाने जेवढी जागा झाकली जाते साधारण तेवढ्याच जागेत डोळ्याला बारकावे दिसतात, आणि बाकी सर्व अंधुक आकार असतात. ही उणीव भरून काढण्यासाठी डोळा सेकंदाला तीन-चार वेळा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर झेप घेतो. प्रत्येक झेपेच्या वेळी मेंदू डोळ्यांकडून येणारी माहिती जवळजवळ बंद ठेवतो, कारण तसे केले नाही तर जग सतत डळमळताना दिसेल. दोन थांब्यांमधली जागा मेंदू आधीच्या माहितीवरून आणि अंदाजाने भरून टाकतो. पाहणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही आणि सगळा रस्ता आपण पाहिला अशी त्याची खात्री असते. आपण उजवीकडे आणि डावीकडे झर्रकन मान वळवली असेल, तर या झेपा लांब पडल्या असतील आणि थांबे मोजकेच झाले असतील. बस किंवा ट्रक इतका रुंद असतो, की कुठल्या ना कुठल्या थांब्यात तो सापडतोच. दुचाकी मात्र दोन थांब्यांच्या मधोमध राहून जाऊ शकते.

दुसरे कारण दुचाकीच्या रुंदीशी आणि अंतराशी जोडलेले आहे, आणि माझ्या मते सर्वांत घातक तेच आहे. मोटरसायकल हँडलसकट साधारण पाऊण मीटर रुंद असते. शंभर मीटर अंतरावर ती जेमतेम पौर्णिमेच्या चंद्राएवढी रुंद दिसते. ती ताशी ६० किलोमीटर वेगाने येत असेल, तर पहिले ५० मीटर कापायला तिला ३ सेकंद लागतात, आणि एवढ्या वेळात तिचा दिसणारा आकार केवळ दुप्पट होतो. मुळात तो आकारच इतका लहान, की ही वाढ चालकाच्या ध्यानात येत नाही. उरलेल्या ५० मीटरपैकी निम्मे दीड सेकंदात संपतात, आकार पुन्हा दुप्पट होतो, आणि त्यानंतर तो इतक्या झपाट्याने वाढतो की दुचाकी अचानक उगवल्यासारखी वाटते. थांबलेली कार हलवून रस्त्याचा अर्धा भाग ओलांडायला तीन-चार सेकंद लागतात. म्हणजे निर्णय घेण्याच्या क्षणी ती दुचाकी नेमकी अशा अंतरावर असते, जिथे तिचा वेग डोळ्याला कळतच नाही. शिवाय लहान वस्तू मोठ्या वस्तूपेक्षा उशिरा पोहोचेल असे माणसाला वाटते. ब्रिटनमधील संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मोटरसायकल आणि त्याहून मोठे वाहन सारख्याच वेळात पोहोचणार असतानाही मोटरसायकलला जास्त वेळ लागेल असा अंदाज चालकांनी केला. दुचाकी दिसली असली, तरी “अजून लांब आहे” हा निष्कर्ष चुकीचा ठरण्याची शक्यता राहते ती यामुळे.

तिसरे कारण आपल्या गाडीतच आहे. पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंना छताला आधार देणारे जे खांब असतात, ते गाडी उलटली तर आतल्या माणसांचा जीव वाचावा म्हणून अलीकडच्या गाड्यांत जाड केलेले असतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवा खांब त्याच्या डोळ्यांना अधिक जवळ असतो आणि दृश्याचा मोठा तुकडा झाकतो. पंचवीस मीटरवरची अख्खी दुचाकी, स्वारासकट, त्या खांबाआड लपू शकते. हे पटत नसेल, तर गाडी बंद करून चालकाच्या जागी बसा आणि कुणाला तरी तेवढ्या अंतरावर रस्त्याच्या कडेला दुचाकी घेऊन उभे राहायला सांगा. त्यांना थोडे डावी-उजवीकडे सरकायला सांगितले, की एका जागी दुचाकी, हेल्मेट, माणूस सगळे नाहीसे होते, आणि आपण छाती स्टिअरिंगकडे झुकवून डोके वीतभर पुढे नेले की परत दिसते. गाडी शिकायला येणाऱ्यांकडून मी हे आवर्जून करून घेतो, आणि वर्षानुवर्षे गाडी चालवलेले लोकही ते पाहून गप्प होतात. दोन्ही वाहने चालती असतील तर धोका आणखी वाढतो. एकमेकांशी टक्कर होईल अशा वेगाने दोन वाहने चौकाकडे येत असतील, तर एकाला दुसरे सतत त्याच कोनात दिसते. म्हणजे खांबाआड असलेली दुचाकी खांबाआडच सरकत राहते आणि अखेरच्या क्षणी बाहेर येते. त्यात काचेवर लावलेला फोनचा स्टँड, आरशाला टांगलेली माळ, डॅशबोर्डवरची मूर्ती आणि कडेच्या काचांवरचे पडदे यांची भर पडते. श्रद्धेला माझा आक्षेप नाही, पण मूर्ती काचेच्या रेषेखाली राहील एवढी काळजी घ्यायला हवी.

चौथे कारण लक्षाचे. डोळा नेमका त्या वस्तूवर रोखलेला असतानाही, मेंदू दुसऱ्या कामात गुंतला असेल तर ती वस्तू जाणवत नाही. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी हार्वर्डमध्ये केलेला आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आता सर्वत्र ठाऊक आहे: चेंडूचे पास मोजण्यात गुंतलेल्या प्रेक्षकांपैकी जवळपास निम्म्यांना, खेळाडूंच्या मधून चालत गेलेला गोरिलाच्या वेशातला माणूस दिसला नाही. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील संशोधकांनी २०१८ साली हीच पद्धत रस्त्यांच्या छायाचित्रांवर वापरली. चित्रात अनपेक्षितपणे घातलेली टॅक्सी जितक्या जणांच्या नजरेतून सुटली, त्याहून कितीतरी अधिक जणांच्या नजरेतून मोटरसायकल सुटली. चालक नकळत आपल्याला चिरडू शकेल अशा वाहनाचा शोध घेत असतो. त्या शोधात ट्रक सापडतो, बस सापडते, आणि ज्याच्यापासून आपल्याला धोका नाही, उलट ज्याला आपल्यापासून धोका आहे, तोच राहून जातो.

या चारांपैकी आपल्या बाबतीत नेमके काय घडले हे पत्रावरून सांगता येणार नाही, पण आपण एकदाच उजवीकडे पाहिले आणि डावीकडे पाहून झाल्यावर पुन्हा उजवीकडे न पाहता निघालात, ही गोष्ट मला खटकते. डावीकडे पाहण्यात गेलेल्या दोन सेकंदांत ती मोटरसायकल ३० मीटरहून अधिक जवळ आलेली असू शकते.

प्रश्न : माझा मुलगा रोज दुचाकीवरून कॉलेजला जातो. त्याच्या गाडीचा पुढचा दिवा दिवसाही जळत राहतो आणि तो बंद करायचे बटणच नाही. लोक हातवारे करून सांगत राहतात, “दिवा चालू आहे.” याचा खरोखर काही उपयोग होतो का? आणि त्याने दिसावे म्हणून मी आणखी काय करू शकते? (एक वाचक, सातारा)

उत्तर : उपयोग होतो. आपल्या देशात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागेल अशी सक्ती झाली, ती याच कारणासाठी. न्यूझीलंडमधील ऑकलंड परिसरात मोटरसायकलस्वारांचा जो अभ्यास झाला आणि २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दिवसा दिवा लावणाऱ्यांना गंभीर अपघाताचा धोका २७ टक्क्यांनी कमी आढळला. चकाकणारे किंवा भडक रंगाचे कपडे घालणाऱ्यांना तो ३७ टक्क्यांनी, आणि काळ्याऐवजी पांढरे हेल्मेट घालणाऱ्यांना २४ टक्क्यांनी कमी होता. असे अभ्यास करताना एक अडचण राहते, ती म्हणजे जो माणूस पांढरे हेल्मेट निवडतो तो मुळातच जपून चालवणारा असू शकतो. तरीही एवढ्या स्वस्त उपायाकडे पाठ फिरवण्याचे काही कारण मला दिसत नाही. आपल्याकडे दुकानात हेल्मेट घ्यायला गेले, तर फळीवर काळ्याच रंगाची गर्दी असते आणि मुलांना तोच रंग हवा असतो. आपण हट्टाने पांढरे किंवा पिवळे मागा.

रंगापेक्षाही महत्त्वाचा असतो पार्श्वभूमीशी असलेला फरक. हिरव्या झाडीच्या रस्त्यावर भडक पोपटी जाकीट झाडीत मिसळून जाऊ शकते, तर भर बाजारातल्या रंगीबेरंगी पाट्यांपुढे तेच जाकीट हरवते. एकच रंग सगळीकडे चालत नाही, म्हणून मी हेल्मेट एका रंगाचे आणि जाकीट किंवा पाठीवरची पिशवी दुसऱ्या उठावदार रंगाची असावी असे सुचवतो.

पावसाळ्याबद्दल स्वतंत्रपणे सांगावेसे वाटते. जूनपासून आपले रस्ते काळ्या आणि गडद निळ्या रेनकोटांनी भरून जातात. आकाश काळे, डांबर काळे, कारच्या काचेवर पाणी आणि आतून वाफ, अशा वेळी काळा रेनकोट घातलेला माणूस चालकाच्या दृष्टीने जवळजवळ नसतोच. त्यातच रेनकोटचा घोळ मागे लोंबून मागचा लाल दिवा झाकतो, किंवा मागे बांधलेल्या पिशवीवरचे प्लास्टिक त्यावर येते. मुलगा घराबाहेर पडताना एकदा मागे उभे राहून ब्रेक दाबायला सांगा आणि दिवा दिसतो का ते पाहा. पिवळा रेनकोट आणि त्यावर चकाकणारी पट्टी एवढे जरी केले तरी पुष्कळ झाले.

रात्रीसाठी एक सूचना मुलाला द्या. दुचाकीला पुढे एकच दिवा असतो. कारच्या दोन दिव्यांमधले अंतर वाढत जाते त्यावरून समोरच्याला ती किती लांब आहे आणि किती वेगाने येते आहे हे उमगते, पण एका दिव्यावरून ते उमगत नाही. त्यामुळे समोरच्या गाडीने आपला वेग ओळखला असेल, असे त्याने रात्री कधीही गृहीत धरू नये. दिवा अप्परवर ठेवून हा प्रश्न सुटत नाही, उलट समोरच्याचे डोळे दिपतात आणि दिव्यामागचा माणूस त्याला मुळीच दिसत नाही.

प्रश्न : आपण परदेशातल्या संशोधनाचे दाखले देता. तिकडे मोटरसायकली विरळ असतात, म्हणून चालकांना त्यांची सवय नसेल. आमच्या पुण्यात चारचाकीच्या चारही बाजूंना दुचाक्याच असतात. दिसत नाहीत असे म्हणायला जागाच कुठे आहे? दुचाकीवाले डावीकडून घुसतात, राँग साइडने येतात, सिग्नलला बोनेटपुढे येऊन उभे राहतात. दोष सतत कारवाल्यांनाच का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्या आक्षेपातला पहिला भाग मला मान्य आहे. जी गोष्ट क्वचित दिसते ती शोधताना नजरेतून सहज सुटते, हे पाश्चात्त्य देशांतले एक कारण आपल्याकडे तसेच्या तसे लागू होत नाही. मात्र डोळ्यांच्या झेपा, गाडीचा खांब, लहान आकारावरून चुकणारा वेगाचा अंदाज, या गोष्टी पुण्यात आणि ऑकलंडमध्ये सारख्याच आहेत. गर्दीमुळे त्यात आणखी एका अडचणीची भर पडते. दहा दुचाकी एकत्र असतील, तर चालक त्यांना एक घोळका म्हणून पाहतो, आणि त्या घोळक्यातून बाहेर पडून आपल्या डाव्या बाजूला आलेली अकरावी वेगळी अशी नोंदली जात नाही. बसच्या किंवा टेम्पोच्या मागे दडलेली दुचाकी तर बस सरकेपर्यंत कुणालाच दिसत नाही. डाव्या आरशाचा भिंग फुगीर असतो, त्यामुळे त्यात सगळे लहान आणि प्रत्यक्षाहून लांब दिसते, आणि त्या आरशाच्या कक्षेबाहेर, मागच्या दरवाज्याजवळ, एक अख्खी दुचाकी मावेल एवढी न दिसणारी जागा उरतेच.

राँग साइडने येणाऱ्याबद्दल आपला राग रास्त आहे. दुभाजक असलेल्या रस्त्यावर गल्लीतून डावीकडे वळताना चालक उजवीकडेच पाहणार, कारण वाहतूक तिकडूनच यायला हवी. डावीकडून उलटा येणारा माणूस त्याच्या शोधाच्या बाहेर असतो. वळसा टाळण्यासाठी हा धोका पत्करणाऱ्या दुचाकीस्वारांना मी कळकळीने सांगेन, की आपण केवळ नियम मोडत नाही, तर जिथे कुणीही पाहत नाही अशा जागी स्वतःला नेऊन उभे करता.

तरीही कारचालकाकडे मी अधिक मागतो, आणि त्यामागे माझे पक्के मत आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली, आणि त्यांतील ४४.५ टक्के दुचाकीवर होती. हे सगळेच कारच्या धडकेने गेले असे नाही. पण कार आणि दुचाकी यांची टक्कर होते तेव्हा चूक कुणाचीही असो, हाडे दुचाकीवरच्याची मोडतात. पत्रा, पट्टा आणि एअरबॅग यांच्या आड बसलेल्याने पाहण्याचे कष्ट अधिक घ्यावेत, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटत नाही.

इटलीतील अपघातांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्या कारचालकांकडे मोटरसायकलचा परवानाही होता, ते मोटरसायकलशी झालेल्या अपघातांना कमी प्रमाणात जबाबदार ठरले होते. आपल्याकडे कार चालवणारे बहुतेक लोक आधी स्कूटर किंवा मोटरसायकल चालवून आलेले असतात. ही आपली मोठी जमेची बाजू आहे. डावीकडून दुचाकी कुठल्या फटीतून येईल हे त्यांना एकेकाळी हाताच्या सवयीने ठाऊक होते, पण काचा वर करून एसीत बसायची सवय झाली की ते ज्ञान वापरले जात नाही. वर्षातून काही दिवस तरी पुन्हा दुचाकीवरून आपल्याच रस्त्याने जाऊन पाहावे, असे मी ओळखीच्या कारवाल्यांना सांगतो.

प्रश्न : रस्त्याच्या कडेला थांबलेल्या कारचा दरवाजा अचानक उघडला आणि माझे वडील स्कूटरवरून पडले. यावर काही सोपा उपाय आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आहे, आणि तो नेदरलँड्समध्ये रुळलेला आहे. दरवाज्याजवळच्या हाताने दरवाजा न उघडता दूरच्या हाताने उघडावा. आपल्याकडे चालकाने उजवा दरवाजा डाव्या हाताने उघडला, की खांदे आपोआप वळतात आणि नजर मागच्या रस्त्यावर जाते. मागच्या सीटवर उजवीकडे बसलेल्यांनीही डावा हात वापरावा. डाव्या दरवाज्याने उतरणाऱ्यांनी उजवा वापरावा, कारण कडेच्या फटीतूनही दुचाकी येतात. मुलांना तर दरवाजा उघडण्यापूर्वी मोठ्यांना विचारण्याची सवयच लावावी. रिक्षा आणि टॅक्सीतून उतरताना घाई करणाऱ्या प्रवाशांना चालकानेही थांबवायला हवे.

प्रश्न : माझी मुलगी सध्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कार शिकते आहे. तिथे क्लच, गिअर आणि रिव्हर्स यांवर भर आहे, पाहायचे कसे हे कुणी शिकवत नाही. मी घरी तिला काय सांगावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : चौकात किंवा गल्लीच्या तोंडाशी गाडी पूर्ण थांबवायला सांगा. सरकत्या गाडीतून पाहणे आणि थांबून पाहणे यांत फार फरक पडतो. त्यानंतर उजवीकडे पाहताना नजर झर्रकन न फिरवता रस्त्यावर निदान तीन ठिकाणी थांबवायला सांगा: लांब, मध्ये आणि अगदी जवळ. त्याच वेळी डोके पुढे आणि मागे झुकवून खांबाआडची जागा मोकळी करून घ्यावी. मग डावीकडे तसेच, आणि पुन्हा एकदा उजवीकडे. निघण्याआधीची शेवटची नजर नेहमी ज्या बाजूची वाहतूक आधी आपल्यापर्यंत पोहोचणार आहे त्या बाजूला हवी.

यात आणखी एक गोष्ट घाला. नॉटिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सिम्युलेटरवर चालकांच्या नजरेचा माग घेतला. काही चालकांनी येणाऱ्या वाहनाकडे थेट पाहिले होते, तरी दुसऱ्या बाजूला पाहून होईपर्यंत ते त्यांच्या स्मरणातून पुसले गेले होते, आणि मोटरसायकलींच्या बाबतीत हे विशेषत्वाने घडत होते. मनात धरून ठेवायची जागा फार लहान असते, आणि नवे दृश्य आले की जुने बाहेर पडते. त्यावर या संशोधकांनी सुचवलेला उपाय साधा आहे: दुचाकी दिसली की तोंडाने तसे म्हणायचे. बोललेली गोष्ट पाहिलेल्या गोष्टीपेक्षा जास्त वेळ मनात टिकते. मुलीच्या शेजारी बसून सरावाला जाल तेव्हा तिला मोठ्याने म्हणायला लावा, “उजवीकडे बाईक”, “डावीकडे स्कूटर, मागे मूल”. पहिल्या आठवड्यात तिला लाज वाटेल, आणि रहदारीच्या चौकात तर श्वास घ्यायलाही सवड मिळणार नाही. अशा वेळी सगळी वाहने मोजायला लावू नका, ज्यांच्या वाटेत आपली गाडी जाणार आहे तेवढीच नावे घेऊ द्या. घरी परतल्यावर सीट तिच्या उंचीला नीट बसवली आहे ना, ते तपासा. उंची कमी असलेल्या चालकांना बोनेटपलीकडचा आणि खांबाच्या बुडाशी असलेला रस्ता आणखी कमी दिसतो, आणि सीट वर घेण्याची कळ तिच्या गाडीला नसेल तर एक घट्ट उशी पुरेशी होते.